नवा सुपरवायझर: सगळ्यांसमोर सांगावं की बाजूला घेऊन?

रत्नागिरीच्या आंबा पॅकिंगमध्ये कालपर्यंत पेट्या भरणारा आज सुपरवायझर झाला, की पहिला पेच हाच. सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र सांगितलं, तर वजनाचे वर्ग, पेटीतले डझन, गाडीची वेळ एकाच तोंडून कळते. पण तिथंच कुणाची चूक काढली, तर ती बाई पुढे डागी फळ दाखवायचंच बंद करते. ते गुपचूप पेटीत जातं आणि वाशीच्या घाऊक बाजारात उघडं पडतं.

चूक त्याच दिवशी, बाजूला, फळ हातात घेऊन दाखवावी: देठ मोडला, चीक सालीवर ओघळला, म्हणून डाग पडला. वेळ जातो खरा. (साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, त्यावरून कुणालाच बोलू नये.) जुन्या सोबत्यांशी अरे-तुरे राहू द्यावं, रजेचा नियम मात्र सगळ्यांना एकच.