व्हेपचा अनुभव: यंत्र साधं घ्या, निकोटिन पुरेसं घ्या

मागच्या हिवाळ्यात सिगरेट सुटली, आता पुढचा हिवाळा तोंडावर आलाय. मधल्या काळात रोज वापरलेल्या पॉड किटबद्दल लिहायचं राहूनच जात होतं. पॉड किट म्हणजे छोटं व्हेप, अर्थात ई-सिगरेट: पॉड नावाच्या इवल्याशा टाकीतलं निकोटिनचं लिक्विड तापतं आणि त्याची वाफ ओढायची. पण परवा ओळखीतला एक जण दुकानातून तेच घेऊन आला, जे बहुतेक नवखे घेऊन येतात: यंत्र दणदणीत, खोलीभर वाफ सोडणारं, आणि लिक्विड मात्र एकदम सौम्य. ‘निकोटिन जितकं कमी तितकं बरं’ हा त्याचा हिशेब. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तलफ भागत नाही, माणूस दिवसभर यंत्र तोंडाला लावून बसतो, घसा कोरडा पडतो आणि शेवटी ‘व्हेपने काही होत नाही’ म्हणत सिगरेटचं पाकीट फोडतो. माझ्या मते नवख्याने नेमकं उलटं करावं. यंत्र कमी ताकदीचं, लिक्विड जास्त ताकदीचं.

मी मूळचा इचलकरंजीचा, राहतो इंग्लंडात, लेस्टरला. तिकडे असताना गोल्ड फ्लेक, इकडे आल्यावर भाव बघून हाताने वळायची तंबाखू. जे लिहितोय ते इथल्या कायद्याला आणि इथल्या दुकानांना धरून आहे. भारतात या वस्तूवर बंदी आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. आणि ज्यांनी कधी सिगरेट ओढलेली नाही त्यांच्या कामाचं यात काहीही नाही. निकोटिनची सवय लागते, ती गळ्यात बांधून घ्यायचं त्यांना कारण नाही.

दुकानात गेलात की भिंतभर डबे दिसतात, पण नवख्यापुरते प्रकार मोजकेच. वापरून फेकायचे व्हेप १ जून २०२५ पासून इथे बंद झाले. त्यांची जागा घेतली भरून आलेल्या पॉडच्या यंत्रांनी: बॅटरी चार्ज करायची, पॉड संपला की दुसरा लावायचा. दिसायला तोच रंगीबेरंगी खेळण्यासारखा प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे आपण बाटलीतून लिक्विड भरतो ते पॉड किट, बोटभर लांबीचं. तिसरा म्हणजे मुठीएवढा बॉक्स मॉड, त्यावर वॅट दाखवणारा पडदा, वर काचेची टाकी. मी मधला घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एस्पायर, व्हेपोरेसो, युवेल, इनोकिन ही नावं दुकानात दिसतीलच, पण मॉडेलं इतक्या भराभर बदलतात की मी नाव लिहिलं तरी तुम्ही जाल तेव्हा त्याची पुढची आवृत्ती हातात पडेल. त्यापेक्षा काय बघायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, झुरका कसा लागतो ते. सिगरेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत. बॉक्स मॉड हुक्क्यासारखे असतात, हवा सरळ छातीत खेचायची. आयुष्यभर सिगरेट ओढलेल्या माणसाला त्याचा ठसका लागतो नाही तर समाधान होत नाही. म्हणून झुरका जरा घट्ट लागणारं यंत्र मागा. हे कॉइलच्या, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या, आकड्यावरूनही कळतं: ०.८ ते १.२ ओहमची कॉइल असली की काम झालं. त्याखाली गेलात की यंत्र जास्त तापतं, जास्त लिक्विड पितं आणि वाफही जास्त. हवेची वाट कमीजास्त करायची खिट्टी असेल तर उत्तम, सुरुवातीला ती जवळजवळ बंदच ठेवा. बॅटरी हजार एमएएचच्या आसपास असेल तर दिवस निघतो. बटण नसलेलं, ओढलं की आपोआप चालू होणारं यंत्र नवख्याला बरं. पडदे, दिवे, वॅटचे आकडे यांसाठी एक पेनीही जास्त देऊ नका.

दुसरी गोष्ट निकोटिन, आणि लोक अडतात ते इथेच. इथल्या कायद्याने लिक्विडमध्ये मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं, बाटली १० मिलीची आणि पॉड २ मिलीचा. बाटलीवर २० आकडा बघून लोक दचकतात. पण ते एका मिलीतलं प्रमाण आहे, एका झुरक्यातलं नव्हे. एका सिगरेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जातं, म्हणजे दिवसाला पाकीट संपवणारा माणूस वीस-तीस मिलिग्रॅम आधीपासूनच घेतोय. अशा माणसाला ३ मिलिग्रॅमचं लिक्विड दिलं तर तो भागवण्यासाठी जास्त ओढणार, हे सरळ आहे. शिवाय सिगरेटचं निकोटिन काही सेकंदांत डोक्यात जातं, व्हेपचं जरा सावकाश चढतं. सकाळच्या पहिल्या सिगरेटचा तो झटका व्हेपमध्ये मिळत नाही, आणि मिळेल अशी आशा ठेवून घेऊ नका.

मी २० मिलिग्रॅमच्या निक सॉल्टवर सुरुवात केली. निक सॉल्ट म्हणजे निकोटिनमध्ये सेंद्रिय आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे एवढ्या ताकदीचं असूनही घशाला झोंबत नाही. दुसरा प्रकार साध्या, फ्रीबेस निकोटिनचा. तो १२-१८ ला गेला की घशात चांगलाच बसतो. काहींना तो झोंबरेपणाच हवा असतो, कारण सिगरेटची आठवण तिथेच असते. मला नको होता. लिक्विडमध्ये पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल, पातळ) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन, दाट) असे दोन द्रव असतात, छोट्या पॉडसाठी निम्मं-निम्मं घ्या. सत्तर टक्के व्हीजीचं दाट लिक्विड छोट्या कॉइलच्या कापसात मुरतच नाही. शॉर्टफिल, म्हणजे निकोटिन न घातलेल्या, थोड्या रिकाम्या ठेवलेल्या मोठ्या बाटल्या, स्वस्त दिसतात, पण त्या बहुतेक त्याच दाट जातीच्या असतात. त्यात निकोटिनची छोटी कुपी आपण मिसळायची असते आणि शेवटी ताकद ३ च्या घरातच राहते. नवख्याने तिकडे वळूच नये.

हे सगळं मला दुकानदाराने नाही, इथल्या धूम्रपान सोडवण्याच्या केंद्रातल्या बाईंनी समजावलं. लेस्टरचं हे केंद्र २०१४ पासूनच ई-सिगरेट घेऊन येणाऱ्यांना मदत करतंय, देशात असं उघडपणे करणाऱ्या पहिल्या केंद्रांपैकी ते. पहिल्या भेटीत त्यांनी एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. श्वास रोखून धरायचा आणि मग पुठ्ठ्याच्या नळीतून सावकाश सोडायचा. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर वर सरकत विशीच्या पुढे जाऊन थांबला. पुढच्या भेटीला, फक्त व्हेपवर आल्यावर, तोच आकडा सिगरेट न ओढणाऱ्या माणसाइतका. कारण सोपं आहे: हा वायू जळण्यातून येतो आणि व्हेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. अर्थात वाफ म्हणजे निव्वळ पाणी नव्हे, ती निर्धोकही नाही. दिवसाला दोन सिगरेटी चालू ठेवून बाकी व्हेप, असं केलं तर तो आकडाही पुरता खाली येत नाही. त्या बाईंनी ते फार ठासून सांगितलं, आणि माझ्याही मते अर्धवट बदल हा पैसे आणि तब्येत दोन्ही घालवायचा प्रकार आहे.

अशाच केंद्रांमधून केलेला एक अभ्यास २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. वर्षभरानंतर ई-सिगरेट घेतलेल्यांपैकी १८ टक्के सिगरेटपासून दूर होते, निकोटिनचे पॅच-गम वगैरे घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. त्यात लोकांना दिलेलं लिक्विड १८ मिलिग्रॅमचं होतं, ३ चं नव्हे. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू दुकानदार सांगणार नाही: ई-सिगरेटवर सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते. मीही ओढतोय. सिगरेट सुटली म्हणजे निकोटिन सुटलं असं नव्हे.

आता रोजच्या वापरातल्या कटकटी. सगळ्यात मोठी कॉइल. पॉडच्या तळाशी कापूस आणि त्याला लागून तारेची बारीक जाळी असते. नवा पॉड भरला की कडेने बुडबुडे वर येतात, कापूस हळूहळू भिजतो. त्याला पाच-दहा मिनिटं द्यावीच लागतात. घाईने झुरका मारलात तर कोरडा कापूस जळतो, घशाला कडवट चटका बसतो आणि तो पॉड कायमचा गेला, नंतर कितीही भरा, ती जळकी चव निघत नाही. लिक्विड तळाला जाईपर्यंत ओढत राहिलं तरी हेच. गोड चवी कॉइल लवकर खातात. त्यातला कृत्रिम गोडवा तारेवर साचतो आणि पारदर्शक पॉडमधून लिक्विड काळपट दिसायला लागतं. मी आंबा सोडून पुदिन्यावर आलो ते याच कारणाने. कॉइल जवळजवळ दुप्पट चालते. (तंबाखूची चव म्हणून जे विकतात ते तंबाखूसारखं लागत नाही. भाजलेल्या कॅरॅमलसारखं काहीतरी असतं.)

दुसरी कटकट गळतीची. पॉडच्या खाली वाफ गार होऊन चिकट थेंब साचतात, मग ओढताना गुडगुड आवाज येतो आणि कधी थेंब थेट जिभेवर. चव भयंकर. दोन-तीन दिवसांनी पॉड काढून टिश्यूने दोन्ही बाजू पुसायच्या, एवढाच उपाय. इथल्या थंडीत लिक्विड घट्ट होतं, बाहेर उभं राहून ओढलं तर पहिले दोन झुरके पोकळ जातात. यंत्र आतल्या खिशात ठेवा. सुरुवातीला खोकला वाढला होता, तोंड सारखं कोरडं पडायचं, पाणी जास्त प्यायला लागलो तसं कमी झालं. मोठी तक्रार वेगळीच आहे: सिगरेट संपते, हे संपत नाही. सोफ्यावर सिनेमा बघताना हात आपोआप तिकडे जातो. आता घरात ओढतच नाही, मागच्या दारात जाऊन ओढतो, सिगरेटच्या वेळी जायचो तसाच. हिचा त्याला पाठिंबा आहे. लहान मुलं असलेल्या घरात बाटली कपाटात, कुलपात. निकोटिनचं लिक्विड पोटात गेलं तर विष आहे, आणि त्याला वास येतो सरबताचा.

पैशाचं म्हणाल तर वीस सिगरेटचं पाकीट इथे पंधरा-सोळा पौंडांच्या घरात. १० मिलीची बाटली तीन-चार पौंडांना. भरून आलेल्या पॉडमध्ये तेच लिक्विड कितीतरी महाग पडतं, फक्त भरायचा त्रास वाचतो. हात थरथरणाऱ्या, नजर अधू झालेल्या माणसाला तो त्रास वाचवणं योग्यच आहे, बाकीच्यांनी बाटली घ्यावी. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीवर २.२० पौंड कर ठरलाय, वर व्हॅट. त्यामुळे सिगरेट आणि व्हेपच्या खर्चातला फरक कमी होईल, पण तंबाखूचा करही त्याच वेळी वाढणार आहे. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून २ मिलीपेक्षा मोठ्या टाकीचं, हजारो झुरक्यांचं आमिष दाखवणारं काही घेऊ नका. कायदेशीर मालाची नोंद एमएचआरए या सरकारी संस्थेकडे असते आणि ती यादी कुणालाही बघता येते.

भारतात जाताना हे यंत्र नेऊ नका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटची आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. आयातीला पहिल्या गुन्ह्यासाठी वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘स्वतःपुरतं आहे’ म्हणून विमानतळावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मी गणपतीला गेलो तेव्हा पॅच लावून गेलो आणि तिथल्या औषधाच्या दुकानातून २ मिलिग्रॅमची निकोटिन गम घेतली. गम चघळत राहायची नसते. दोन-चारदा चावून गालात दाबून ठेवायची, चुरचुर थांबली की पुन्हा. नाही तर उचकी लागते. आरतीनंतर गच्चीवर चुलतभाऊ पाकीट पुढे करतात तेव्हा ती गालात असलेली बरी.

सध्या १० मिलिग्रॅमवर आलोय. मध्ये एकदम ६ वर उतरून बघितलं, तर झुरके वाढले आणि बाटल्या दुपटीने संपायला लागल्या, म्हणून पुन्हा १० वर. यंत्र तेच आहे, पॉड बदलत राहतो. घेणाऱ्याने यंत्रापेक्षा त्याचे पॉड जवळच्या दुकानात मिळतात का ते आधी विचारावं. न मिळणारे पॉड मागवून वाट बघण्याचे दोन दिवस सिगरेट सुटलेल्या माणसाला परवडत नाहीत. एक जादा पॉड आणि एक न उघडलेली बाटली घरात ठेवा.