पणजी–मडगाव रोजची ये-जा: शटल की लोकल?

गाडी न घेता मडगावात राहून पणजीत नोकरी करायची, तर प्रश्न उरतो एकच: कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, विनाथांबा शटल बस धरायची की जागोजागी थांबणारी खाजगी लोकल बस?

कामाची जागा वाटेत असेल तर विचारच नको. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), आगशी, कुठ्ठाळी यांपैकी कुठेच शटल थांबत नाही. लोकलला हात दाखवा आणि चढा, तिकीट आत मिळतं.

स्टँड ते स्टँड जाणाऱ्यांनी मात्र लोकलची एक खोड आधी समजून घ्यावी. बस सुटते, पण पुढे सरकत नाही. ड्रायव्हर रेंगाळत चालवतो, कंडक्टर दारात लोंबकळून ‘पणजी, पणजी’ ओरडतो, नाक्यावर इंजिन चालू ठेवून थांबणं होतं. मागची बस आरशात दिसली की तीच बस सुसाट. दोन बसमधल्या मिनिटांत रस्त्यावर येतील तेवढे प्रवासी पुढच्या बसचे, सगळा हिशेब त्यावर. त्यामुळे तासाभराची वाट कधी दीड तासाची होईल, सांगता येत नाही. बसायला जागा मिळेलच असंही नाही.

शटलला उशीर झालाच तर तो बसायच्या आधी होतो, आणि डोळ्यांना दिसतो. खिडकीवर सीटएवढीच तिकिटं, बस भरली की सुटली, मग थेट पणजी. रांगेत पुढे पन्नासेक माणसं असतील तर आपली बस त्यानंतरची, असं धरून चालावं. सोमवारी सकाळी अर्धा तास हाताशी ठेवा, सुटे पैसेही. जुवारीच्या नव्या पुलाची पहिली बाजू 2022 च्या डिसेंबरात खुली झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी बरीच सुटली, म्हणून पाऊण ते एक तास हा अंदाज सहसा चुकत नाही. माझा कल शटलकडे आहे तो एवढ्याचसाठी.

अडचण तिथेही आहे. मडगावचा कदंब स्टँड फातोर्ड्याच्या बाजूला, बाजारापासून दोनेक किलोमीटर. पुढे सिटी बस, नाहीतर पिवळ्या मडगार्डाचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा. पावसाळ्यात रेनकोट बॅगेत हवाच, पायलटच्या मागे छत्री उघडता येत नाही. जमलं तर खोलीच स्टँडपासून चालत जाता येईल अशी बघा.

रात्री आठच्या पुढे दोन्हींचा भरवसा कमी. ऑफिसात उशिरापर्यंत थांबावं लागत असेल, तर मडगावमार्गे कारवारकडे जाणाऱ्या बसच्या वेळा पणजीच्या चौकशी खिडकीवर आधीच विचारून ठेवा.