सांगावे, शेजारी बसावे, की सोडून द्यावे? मुलांच्या कार्यकारी क्षमता आणि पालकांची निवड

तीन वर्षांचे मूल कोड्याचा तुकडा भलत्याच जागी दाबत बसते, तेव्हा पालकांना योग्य जागा दाखवून मोकळे होता येते, शेजारी बसून गरजेपुरता हात देता येतो किंवा त्याचे त्याला करू देता येते. सूचना ध्यानात धरून काम करणे, आवेग आवरणे आणि एक उपाय फसला की दुसऱ्याकडे वळणे, या कार्यकारी क्षमतांची जडणघडण अशाच प्रसंगांतून होत असल्यामुळे या तीन पर्यायांतील फरक समजून घेणे आवश्यक वाटते.

सांगून करवून घेतल्याने वेळ वाचतो आणि रस्त्यावर किंवा विस्तवाजवळ दुसरा मार्ग नसतोच. मात्र पुढची पायरी कोणती, कुठे थांबायचे, हा विचार पालकच करतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त हुकूम पाळणे येते. उलट, पूर्णपणे सोडून दिलेले मूल आवाक्याबाहेरच्या कामात लवकर वैतागते. हा पर्याय काम आधीच येत असेल तेव्हाच उपयोगी पडतो.

माझा कौल शेजारी बसण्याला आहे. 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना मिळणाऱ्या अशा मदतीला बांधकामातील परांचीची उपमा दिली. मूल अडले की मदत वाढवायची, जमू लागले की काढून घ्यायची. 2010 मध्ये बर्निए, कार्लसन आणि व्हिपल यांच्या अभ्यासातही आईच्या वागण्याचे जे पैलू तपासले गेले, त्यांपैकी मुलाच्या स्वायत्ततेला दिलेल्या पाठबळाचा पुढील कार्यकारी क्षमतांशी सर्वांत ठळक संबंध आढळला. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. जुळ्यांवरील संशोधनात या क्षमतांमधील वैयक्तिक फरकांवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव दिसतो, त्यामुळे चंचल मुलाच्या पालकांनी सगळा दोष स्वतःकडे घेणे अन्यायाचे आहे.

शेजारी बसूनही दिलेला शब्द पाळला नाही, तर मूल धीर धरण्याचे कारणच गमावते, हा मुद्दा फार कमी वेळा बोलला जातो. 2013 मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील प्रयोगात, आधी कबूल केलेले साहित्य खरोखर आणून देणाऱ्या व्यक्तीच्या भरवशावर मुलांनी जास्तीच्या खाऊसाठी सरासरी सुमारे 12 मिनिटे वाट पाहिली. जिथे शब्द मोडला गेला होता, तिथे ती 3 मिनिटांच्या आसपास थांबली.

शेजारी बसायला वेळ आणि शांत मन लागते, आणि ते रोज सकाळच्या घाईत कोणालाच जमत नाही. म्हणून दिवसातले एकच काम, उदाहरणार्थ दप्तर भरणे, त्यासाठी राखून ठेवावे, "आता काय राहिले?" एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत दप्तराला हात लावू नये.