भूतकाळ बदलायचा की त्यातून उसनं आणायचं?

२०११ च्या 'फ्लॅशपॉइंट' कॉमिकमध्ये बॅरी ॲलन, म्हणजे वेगवान सुपरहिरो फ्लॅश, काळात मागे जातो आणि आईचा खून टाळतो. हेतूला कोण नावं ठेवणार? पण आई वाचते आणि जग ॲक्वामॅन-वंडर वुमनच्या युद्धात होरपळतं. एरवी बॅटमॅन होणारा ब्रूस लहानपणीच मरतो, त्याचा बाप थॉमस वेन बॅटमॅन होतो. एका घराच्या दुःखापायी सगळ्यांचं आयुष्य पणाला, तेही कुणाला न विचारता.

'ॲव्हेंजर्स: एंडगेम'ची (२०१९) मंडळी जरा शहाणी. तिथे मागे ढवळाढवळ केली तरी आपला वर्तमान बदलत नाही, म्हणून खलनायक थानोसने पुसलेली अर्धी जीवसृष्टी परत आणायला ते इन्फिनिटी स्टोन्स, म्हणजे अफाट शक्तीचे सहा खडे, फक्त उसने आणतात. टोनीची (आयर्न मॅन) अट मला फार पटते: गेलेले परत आणा, पण मधली पाच वर्षं पुसू नका. त्या काळात त्याला मुलगी झालीय. स्वार्थच म्हणा, पण अशी मुलं कितीतरी घरांत असणार!

तरी हात स्वच्छ नाहीत. या गडबडीत २०१२ मधला खलनायक लोकी टेसरॅक्ट (त्यातलाच एक खडा असलेला घन) घेऊन पसार होतो आणि तिथून काळाचा वेगळा फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या लोकांचं पुढे काय, हे सिनेमात कुणी विचारत नाही. बॅरी निदान निस्तरतो. घोळ आपलाच, हे कळल्यावर तो परत जाऊन स्वतःलाच अडवतो, म्हणजे आईला पुन्हा गमावतो.