पालक, माठ की कोबी? हिस्टामीन कमी ठेवायचं असेल तर

डॉक्टरांनी हिस्टामीन (ॲलर्जीसारखा त्रास देऊ शकणारं, काही पदार्थांत असणारं रसायन) कमी असलेला आहार सांगितला की घरात पहिला वाद पालकावरून होतो. एवढी पौष्टिक भाजी, ती का सोडायची? कारण टोमॅटो-वांग्याप्रमाणे पालकातही हिस्टामीन मुळातच बऱ्यापैकी असतं, आणि जुडी फ्रिजमध्ये पडून राहिली की आणखी वाढतं. जीवाणू हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून ते तयार करतात. शिजवताना जीवाणू मरतात, पण तयार झालेलं हिस्टामीन तसंच राहतं. हिस्टामीन मोडणारं आतड्यातलं डीएओ हे विकर (एन्झाइम) कमी पडणाऱ्यांना मग डोकेदुखी, खाज, नाक वाहणं सुरू होतं. (असा त्रास नसलेल्यांनी पालक खुशाल खावा.)

कोबी आणि लेट्यूस मात्र बहुतेक याद्यांमध्ये चालणाऱ्या भाज्यांत असतात. दोन्हींत माझं मत कोबीला. पोळीबरोबर रोज खपतो आणि वरची पानं काढली की आतला गड्डा कोरा निघतो. पोट फुगत असेल तर लेट्यूस बरा, पण अख्खा घ्या, पिशवीतला चिरलेला नको. किमचीसारखा आंबवलेला कोबी अर्थातच बाद.

माठ, चाकवत, शेपू यांचा पेच वेगळा. युरोपात तयार झालेल्या याद्यांत आपल्या पालेभाज्यांना फारशी जागा नाही. म्हणून माठ आवडत असेल तर एका वेळी एकच नवी भाजी, अर्धी वाटी, आणि तीही त्याच दिवशी आणलेली. मंडईत जुडी वरून टवटवीतच दिसते, पाणी मारलेलं असतं. बांधलेल्या जागी बोट घालून बघा. देठ बुळबुळीत लागले किंवा मधली पानं काळपट दिसली, तर स्वस्त मिळाली तरी परत ठेवा.

खरी गडबड बऱ्याचदा भाजीच्या संगतीने होते. ताकातली पातळ भाजी, टोमॅटो घातलेली डाळ, वर दाण्याचा कूट: हे तिन्ही या आहारात टाळायला सांगतात. लसणाची फोडणी आणि ओलं खोबरं एवढ्यावर माठ छान लागतो. उरलेली भाजी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा लगेच फ्रीझरमध्ये टाका.

कडक पथ्य साधारण दोन ते चार आठवड्यांचं असतं. नंतर आहारतज्ज्ञांना विचारून पालकाची ताजी जुडी आणा, दोन घास खा, आणि त्या दिवशी दुसरं काही नवं खाऊ नका.