एनसीसी की एनएसएस? पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी

एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. दोन्हीकडे कॅम्प, दोन्हीकडे प्रमाणपत्र, मग कुठेही नाव घाल, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. दोन्हींतला रोजचा दिवस अगदी वेगळा असतो.

एनसीसीत फॉल इनची, म्हणजे रांगेत उभं राहायची, वेळ म्हणजे वेळ. अंबाडा घट्ट, त्यावर जाळी, नखं कापलेली, बांगड्या घरी. खाकीला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश. एकदा ‘सावधान’ झालं की नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. सुरुवातीला पोटऱ्या भरून येतात, उन्हात चक्करही येते. सकाळी काही खाल्ल्याशिवाय परेडला जाऊ नका. पण ‘हळू बोल’ ऐकत वाढलेल्या मुलीला इथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा ‘तेज चल’चा हुकूम द्यावा लागतो, तोही पोटातून. मला एनसीसीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा. पहाटे पीटी, मग ड्रिल, नकाशावाचन, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, रात्री रोलकॉल. आपलं ताट आपणच घासायचं. पाळी आली असेल तर सोबतच्या महिला प्रशिक्षकांना सरळ सांगा, लपवून धावू नका.

एनएसएस 1969 साली सुरू झाली. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, बहुधा कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात. श्रमदान, सर्वेक्षण, पथनाट्य. इथे ड्रिल नाही, पण अनोळखी दारात उभं राहून ‘घरात शौचालय आहे का?’ विचारायला वेगळं धैर्य लागतं. प्रॅक्टिकल किंवा नोकरी सांभाळणारीला हे तास बसवणं तुलनेने सोपं जातं.

वर्दीतली नोकरी मनात असेल तर मात्र मी एनसीसीच सांगेन. चांगल्या श्रेणीचं एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असलं की पदवीनंतर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला मुलींनाही अर्ज करता येतो. त्यात लेखी परीक्षा नसते, एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत असते. वयाची आणि गुणांची अट जाहिरातीत नीट वाचा. त्याआधीच्या ‘बी’ प्रमाणपत्राला दोन वर्षं लागतात, ‘सी’ तिसऱ्या वर्षी, आणि परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी हवी. म्हणून नाव पहिल्याच वर्षी घालावं लागतं. जागा मोजक्या असतात आणि निवडीच्या वेळी बहुतेक ठिकाणी धावायला लावतात, तेव्हा सराव आत्तापासून सुरू करा.