सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटांना बारा वर्षांपूर्वी सुताराने बसवलेल्या, दार मिटल्यावर बाहेरून न दिसणाऱ्या बिजागऱ्या सैल पडून गंजू लागल्या होत्या, म्हणून एप्रिलमध्ये मी ११ दारांच्या मिळून २४ बिजागऱ्या स्वतःच बदलल्या. नव्या बिजागऱ्या क्लिपने अडकणाऱ्या, ११० अंशांत उघडणाऱ्या आणि सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार न आपटता हळूच मिटवणाऱ्या प्रकारच्या आहेत. साध्यांच्या जवळपास दुप्पट किंमत मोजली. आठ महिन्यांनंतर ती वसूल झाली असे मी बहुतेक दारांबाबत म्हणेन. सिंकखालच्या दारांबाबत मात्र नाही.

पहिली चूक खरेदीतच झाली. दुकानदाराने ‘झिरो क्रँक, आठ की सोळा?’ असे विचारले, तेव्हा अज्ञान उघडे पडू नये म्हणून मी सगळ्या झिरो क्रँकच्या घेऊन आलो. क्रँक म्हणजे बिजागरीच्या दांड्याला दिलेला बाक. दार बाजूच्या फळीची कड जवळपास पूर्ण झाकत असेल तर दांडा सरळ, म्हणजे झिरो क्रँक लागतो. एकाच मधल्या फळीवर डावीउजवीकडची दोन दारे टेकत असतील तर १८ मिमीच्या कडेपैकी निम्म्याहून थोडी कमीच प्रत्येकाच्या वाट्याला येते, तिथे आठ क्रँक. आणि दार फळ्यांच्या आत बसत असेल तर सोळा. ओट्याखालच्या दोन मधल्या फळ्यांवर झिरो क्रँक लावताच शेजारची दारे एकमेकांवर चढली आणि चार जोड्या बदलून आणाव्या लागल्या. खरे तर दार मिटून त्याच्या कडेने फळीवर पेन्सिलीची रेघ ओढली असती आणि रेघेपासून फळीच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजले असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

दारात बसणाऱ्या वाटीचा व्यास ३५ मिमी, जुना आणि नवा एकच असल्याने नवे भोक पाडावे लागले नाही. मात्र वाटीच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंमधले अंतर जुन्यात ४८ मिमी होते, नव्यात ४५, त्यामुळे नवा स्क्रू जुन्या छिद्राच्या काठावरच येऊन घसरत होता. जुनी छिद्रे बांबूच्या काड्या आणि फेविकॉल ठासून बुजवली, रात्रभर वाळू दिली आणि मग बारीक ड्रिलने नवी पाडली. या कामाला बिजागऱ्या बसवण्याहून अधिक वेळ लागला, पण यात घाई करू नये. दार लोंबते तेव्हा आपण बिजागरीला दोष देतो. माझ्याकडे निम्म्या ठिकाणी स्क्रूने लाकडाची पकड सोडली होती आणि बिजागरी धडधाकट होती.

बसवल्यानंतरची जुळवाजुळव मात्र आनंदाची आहे. दांड्यावरचा पुढचा स्क्रू दार डावीउजवीकडे सरकवतो, मागचा आतबाहेर, आणि फळीवरच्या प्लेटची लांबट छिद्रे वरखाली करू देतात. दार तिरके दिसत असेल तर एकाच बिजागरीचा पुढचा स्क्रू थोडासा फिरवून पाहावा. दोन्ही एकदम फिरवल्यास दार तिरकेच राहून नुसते सरकते. प्लायवूडची दारे जड असल्याने पहिल्या महिन्यात मला दोनदा जुळवणी करावी लागली, त्यानंतर नाही.

सॉफ्ट क्लोजचे कौतुक घरात सर्वांना आहे, पण मसाल्यांच्या छोट्या, हलक्या कपाटाचे दार दोन बिजागऱ्यांतल्या डॅम्परमुळे, म्हणजे मिटण्याचा वेग मंदावणाऱ्या भागांमुळे, मिटायला इतका वेळ घेई की आम्ही ते अर्धवट सोडून निघून जात असू. दांड्यावरच्या लहानशा खटक्याने एका बिजागरीचा डॅम्पर बंद केल्यावर ते सुधारले. भांड्यांच्या कपाटातील एका बिजागरीचा डॅम्पर पाचव्या महिन्यातच निकामी झाला. दुकानदाराने ती बदलून दिली, आणि क्लिपची असल्याने एक स्क्रूही न काढता दार उतरवता आले.

सिंकखालच्या दोन दारांवर मात्र श्रावण संपण्याआधीच वाटीच्या कडेला तांबूस ठिपके उमटले. निकेलचा मुलामा असलेले पोलाद कोकणातल्या दमट हवेत आणि सततच्या ओलाव्यात टिकेल ही अपेक्षाच चुकीची होती. तिथे दिवाळीत ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या बसवल्या आहेत. त्यांचे मिटणे किंचित खडखडीत आहे, पण गंजाचा ठिपका अजून दिसलेला नाही. पुढचा पावसाळा गेल्यावरच त्यांच्याबद्दल बोलता येईल.